परातीतला समुद्र
(मोठ्या गटाच्या प्रयोगवहीतून. पालकांनीही वाचावे आणि घरी करून पाहावे.)



मस्कतमध्ये राहून समुद्र पाहिला नाही, असा तुमच्यात कोणी सापडायचा नाही. कुरुमच्या वाळूत किल्ले बांधून झाले, मत्रहच्या बंदरातली जहाजे मोजून झाली. पण "समुद्राचे पाणी खारट असते" यापलीकडे त्याच्याविषयी आपल्याला काय ठाऊक आहे, असे वर्गात विचारले तेव्हा बराच वेळ सगळे गप्प होते. मग एका मुलीने हात वर केला आणि उलट आम्हालाच विचारले, "काका, पण खारट म्हणजे किती खारट?"

उत्तर आम्हाला येत नव्हते. आम्ही पडलो संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणारे. अभियांत्रिकीच्या चार वर्षांत समुद्राशी आमची गाठ कधी पडली नव्हती. पुस्तकात पाहून सांगता आले असते, पण मग ठरवले की आपणच मोजू या. त्या एका प्रश्नापायी चार शुक्रवार गेले आणि आमच्या स्वयंपाकघराची प्रयोगशाळा झाली. आमच्या सौ.ने पराती, पातेली आणि वजनकाटा दिला, पण एका अटीवर: सगळे जागच्या जागी परत आले पाहिजे.

वहीसाठी आम्ही एकच नियम केला. जे दिसले तेच लिहायचे, आणि पेनने लिहायचे. खोडरबर बंद. हा नियम किती जड जातो ते पहिल्याच दिवशी कळले.

प्रयोग पहिला : एक लिटर समुद्रात मीठ किती?

साहित्य : समुद्राचे पाणी १ लिटर, मलमलचे कापड, स्टीलचे पातेले, ओव्हनमध्ये चालणारी काचेची बशी, एक ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा.

कृती : पाणी कापडातून गाळून घ्यावे, म्हणजे वाळू आणि शेवाळ निघून जाईल. रिकाम्या बशीचे वजन आधी लिहून ठेवावे. पाणी पातेल्यात उकळून आटवावे. थोडेसे उरले की बशीत ओतून मंद ओव्हनमध्ये वाळवावे. (आच आणि ओव्हन मोठ्यांनीच सांभाळावा. शेवटी मीठ तडतडून उडते.)

काय दिसले : पहिल्या वजनात मीठ भरले ४४ ग्रॅम. आणखी वाळवल्यावर ४१, मग ४०. त्यानंतर काटा हलेना. आता पुस्तक उघडले. जगातल्या समुद्रांची सरासरी क्षारता दर किलोला सुमारे ३५ ग्रॅम, आणि आपल्या ओमानच्या आखातात वरच्या पाण्याची ३७च्या आसपास. म्हणजे आपल्या एका लिटरमध्ये ३८ ग्रॅमच्या जवळपास मीठ निघायला हवे होते.

सातवीतला एक मुलगा हळूच म्हणाला, "काका, ३८ लिहू या का? तसेही दोनच ग्रॅमचा फरक आहे."

खरे सांगायचे तर क्षणभर आम्हालाही मोह झाला. पण नियम तो नियम. वहीत ४० लिहिले, आणि खाली लिहिले, "दोन ग्रॅम जास्त का, ते माहीत नाही." बशी तशीच ओट्यावर ठेवून सगळे घरी गेले. सकाळी पाहतो तो मीठ ओलसर झालेले! वजन केले तर ४३ ग्रॅम. रात्रीत मिठाचे वजन वाढले होते.

उत्तर मिळाले ते आमच्या सौ.कडून. ती म्हणाली, "यात काय एवढे? पावसाळ्यात आईकडे मिठाच्या बरणीला पाणी सुटायचेच की." हेच ते कारण. समुद्रातले मीठ म्हणजे नुसते आपले जेवणातले मीठ नव्हे. त्यात सोडियम आणि क्लोरिन यांचा वाटा सर्वांत मोठा, सुमारे ८५ टक्के. बाकीच्यात मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम असे बरेच काही असते. यातले मॅग्नेशियमचे क्षार पाण्याला घट्ट धरून ठेवतात. ओव्हनमध्येही सगळे सोडत नाहीत आणि दमट हवेतून परत ओढून घेतात. मस्कतच्या हवेत दमटपणाला काय तोटा! आपले जास्तीचे दोन ग्रॅम म्हणजे बहुतेक हे लपलेले पाणी.

विचार करा, वहीत ३८ लिहिले असते तर बशीकडे पुन्हा कोणी ढुंकूनही पाहिले नसते.

कोकणातले आगरी लोक मिठागरात हीच गोष्ट पिढ्यान्पिढ्या वापरत आले आहेत. उरण, पेण, वसईकडे भरतीचे पाणी उथळ वाफ्यांत घेऊन उन्हात आटवतात. साधे मीठ आधी खाली बसते. ते ओढून घेतात आणि उरलेले कडवट पाणी वेगळे काढतात. तो कडवटपणा मॅग्नेशियमचाच. आपण सगळेच पाणी आटवले, म्हणून आपले मीठ चवीला कडू निघाले.

प्रयोग दुसरा : अंडे तरंगले का?

"अंडे साध्या पाण्यात बुडते, समुद्राच्या पाण्यात तरंगते," असे कुठे कुठे वाचायला मिळते. आम्हीही तसेच समजत होतो. म्हणून प्रत्येकाने घरून एक अंडे आणले. एकूण नऊ.

काय दिसले : साध्या पाण्यात नऊच्या नऊ बुडाली असती तर बरे झाले असते, पण एक तिथेही तरंगले. बाकीची आठ तळाला गेली. ती आठ कुरुमहून आणलेल्या समुद्राच्या पाण्यात घातली, तर तिथेही आठही बुडाली!

मुले आमच्याकडे पाहू लागली. आम्ही वहीकडे पाहिले.

मग एक लिटर साध्या पाण्यात मोजून मीठ घालत गेलो. ४० ग्रॅमला अंडे ढिम्म. ८० ग्रॅमला तळावर जरा उभे राहू लागले. १०० ग्रॅमच्या पुढे एकेक अंडे वर येऊ लागले, आणि शेवटचे वर यायला १३० ग्रॅम लागले.

असे का? एखादी वस्तू स्वतः एवढ्याच आकारमानाच्या पाण्यापेक्षा जड असेल तर बुडते, हलकी असेल तर तरंगते. एक लिटर साध्या पाण्याचे वजन १ किलो, म्हणजे १००० ग्रॅम. एक लिटर समुद्राच्या पाण्याचे सुमारे १०२५ ग्रॅम. ताज्या अंड्याची घनता याहूनही जास्त असते, म्हणून समुद्र त्याला उचलू शकत नाही. मृत समुद्रात मात्र ते सहज तरंगेल. तिथे दर किलो पाण्यात सुमारे ३४० ग्रॅम क्षार असतात.

आणि ते साध्या पाण्यात तरंगलेले अंडे? ज्याने ते आणले तो विजयी मुद्रेने बसला होता. चौकशीअंती कळले की ते फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात बरेच आठवडे पडून होते. अंड्याच्या कवचाला बारीक छिद्रे असतात. त्यांतून आतले पाणी हळूहळू उडून जाते आणि हवेची पोकळी वाढते. शिळे अंडे हलके होते ते असे. ते फोडून पाहण्याचे धाडस कोणी केले नाही.

प्रयोग तिसरा : होर्मुझचा दुमजली रस्ता

साहित्य : प्लॅस्टिकचा पारदर्शक लांबट डबा, त्यात उभे बसेल असे प्लॅस्टिकचे आडपडद्याचे पान, खेळायची माती, चिकटपट्टी, खाण्याचे निळे व लाल रंग, मीठ.

कृती : पानाला वरच्या बाजूला एक आणि तळाशी एक अशी दोन भोके पाडून ती चिकटपट्टीने बंद करावीत. पान डब्यात मधोमध उभे करून कडा मातीने बुजवाव्यात. (पहिल्या खेपेला आमची माती गळाली आणि सगळे पाणी जांभळे झाले. आधी साधे पाणी घालून गळती तपासावी.) एका बाजूला निळे खारे पाणी, दुसऱ्या बाजूला लाल साधे पाणी. पातळी दोन्हीकडे सारखी हवी. आता दोन्ही पट्ट्या एकदम काढाव्यात.

काय दिसले : निळे पाणी खालच्या भोकातून लालच्या बाजूला गेले आणि तळाशी पसरले. त्याच वेळी लाल पाणी वरच्या भोकातून निळ्याच्या बाजूला आले आणि वर पसरले. डबा कोणी हलवला नाही, पंप नाही, वारा नाही, तरी एकाच वेळी दोन दिशांना दोन प्रवाह. "काका, हा तर फ्लायओव्हर!" असा शेरा आला. तो तसाच वहीत लिहिला.

हा प्रयोग आमच्या डोक्यातला नाही. लुइजी मार्सिल्यी नावाचा इटालियन १६७९ साली इस्तंबूलला गेला होता. तिथल्या बॉस्फोरस सामुद्रधुनीत वरचे पाणी एकीकडे वाहते आणि खोलवरचे उलट दिशेला, हे कोळी लोकांना ठाऊक होते. मार्सिल्यीने त्यांचे ऐकून घेतले, दोरीला पांढरे बूच बांधून पाण्यात सोडले आणि ते खरे असल्याचे पाहिले. मग असाच आडपडद्याचा डबा करून कारण शोधले आणि १६८१ साली छापून प्रसिद्ध केले. कोळ्यांचे म्हणणे त्याने उडवून लावले असते तर?

आपल्या जवळची अशी जागा म्हणजे होर्मुझची सामुद्रधुनी. पलीकडचे पर्शियन आखात (इकडे त्याला अरबी आखात म्हणतात) उथळ आहे, सरासरी खोली ३५ मीटरच्या आसपास. ऊन कडक, पाऊस नाममात्र, मोठी नदी म्हणावी तर एक शत्त-अल-अरब. पाण्याची वाफ होऊन जाते, मीठ मागे राहते. तिथली क्षारता ४० किंवा त्याहून जास्त भरते. हे जड पाणी तळाकडून होर्मुझमधून बाहेर पडते आणि ओमानच्या आखातात २०० ते ३०० मीटर खोलीवर पसरते. त्याची जागा घ्यायला वरून कमी खारे पाणी आत शिरते. आपल्या डब्यातले निळे आणि लाल, तेच इथे.

प्रयोग चौथा : सलालाचे धुके कोठून येते?

साहित्य : काचेचे लांबट बेकिंगचे भांडे, बर्फाचे निळे खारे पाणी, कोमट साधे पाणी, स्पंजचा तुकडा, बॅटरीवर चालणारा हातपंखा. (आम्ही केस वाळवायचे यंत्र काढले होते. पाण्याजवळ विजेची वस्तू आणायची नाही, असा आदेश मिळाल्यावर ते मुकाट्याने परत ठेवले. आदेश बरोबर होता.)

कृती : आधी निळे पाणी भांड्यात घ्यावे. स्पंज त्यावर तरंगत ठेवून त्यावर कोमट पाणी अगदी सावकाश ओतावे. खाली निळा आणि वर बिनरंगी असे दोन थर दिसले पाहिजेत. आता एका टोकाकडून पाण्याच्या पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडावा.

काय दिसले : वरचे कोमट पाणी वाऱ्याबरोबर पलीकडच्या टोकाला ढकलले गेले. पंख्याजवळच्या टोकाला निळा थर चढत चढत वर आला. तिथे बोट घातले तर थंडगार!

वरचे पाणी बाजूला सरले की तळचे थंड पाणी त्याच्या जागी वर येते. याला अपवेलिंग म्हणतात. धोफारच्या किनाऱ्यावर दर वर्षी जून ते सप्टेंबर हेच होते. मस्कतचा समुद्र ऐन उन्हाळ्यात ३० अंशांच्या वर असतो, तेव्हा धोफारच्या किनाऱ्यालगतचे पाणी २० अंशांच्या आसपास उतरते. दमट मोसमी वारा या थंड पाण्यावरून येतो आणि डोंगराला अडतो. मग धुके आणि भुरभुर पाऊस. तोच आपला सलालाचा खरीफ. आणि तोच नैर्ऋत्य वारा पुढे अरबी समुद्र ओलांडून कोकणात जातो, सह्याद्रीला धडकतो आणि धो धो कोसळतो. म्हणजे सलालाचे धुके आणि तुमच्या आजीच्या अंगणातला पाऊस ही एकाच वाऱ्याची लेकरे.

इथे एका मुलीने फार नेमकी शंका काढली. "वारा नैर्ऋत्येकडून येतो. धोफारचा किनाराही साधारण नैर्ऋत्य-ईशान्य असाच आहे. मग वारा किनाऱ्याला समांतर वाहतो. पाणी किनाऱ्यापासून दूर कसे जाईल?"

बरोबर! आपल्या भांड्यात जे झाले ते धोफारला जसेच्या तसे होत नाही. यासाठी केकवर आयसिंग करायचे फिरते ताट घेतले, त्यावर कागद चिकटवला. एकाने ताट घड्याळाच्या उलट दिशेने फिरवले. दुसऱ्याने पट्टीला धरून, मध्यापासून कडेपर्यंत पेनने सरळ रेघ ओढली. कागदावर रेघ उमटली ती उजवीकडे वळलेली. उत्तर ध्रुवाच्या वरून पाहिले तर पृथ्वीही घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. त्यामुळे आपल्या गोलार्धात वाहणारे पाणी उजवीकडे वळते. नान्सेन हा नॉर्वेचा संशोधक १८९३ ते १८९६ या काळात फ्राम जहाजातून उत्तर ध्रुवाकडे गेला होता. बर्फ वाऱ्याच्या दिशेने न जाता उजवीकडे सरकतो, हे त्याने टिपून ठेवले. एकमन या स्वीडिश शास्त्रज्ञाने त्याचे गणित १९०५ साली मांडले. सगळा थर मिळून पाहिले तर पाणी वाऱ्याच्या उजव्या हाताला काटकोनात सरकते.

आता धोफारच्या किनाऱ्यावर वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. डाव्या हाताला जमीन, उजव्या हाताला समुद्र. पाणी उजवीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून दूर. शंका फिटली!

हे तळचे पाणी नुसते थंड नसते, त्यात खतही असते. समुद्रातले मेलेले जीव खाली जाऊन कुजतात आणि नायट्रेट, फॉस्फेट खोल पाण्यात साठतात. ते उजेडात आले की सूक्ष्म वनस्पती, म्हणजे वनस्पती-प्लवक, भराभर वाढतात. त्यांच्यामागे तारली, तारलीमागे सुरमई आणि कुपा. मिरबातकडे मिळणारा ॲबालोन हा महागडा शंखवर्गीय प्राणीही याच गार पाण्यावर पोसतो. मत्रहच्या बाजारात बाबा ज्या सुरमईसाठी घासाघीस करतात, तिची सुरुवात अशी वाऱ्यापासून होते.

पण याला दुसरी बाजू आहे. एवढे सगळे कुजायला प्राणवायू लागतो. म्हणून अरबी समुद्रात सुमारे १५० ते १००० मीटर खोलीवर प्राणवायू अगदी कमी, काही ठिकाणी जवळजवळ नाहीच. सुलतान काबूस विद्यापीठ आणि इंग्लंडचे ईस्ट अँग्लिया विद्यापीठ यांनी पाण्याखाली फिरणारी स्वयंचलित यंत्रे ओमानच्या आखातात सोडून मोजमाप केले. त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. हा प्राणवायू नसलेला पट्टा आधी वाटत होता त्याहून मोठा आणि तीव्र निघाला. मासा श्वास घेणार कुठे? हा प्रश्न फक्त शास्त्रज्ञांचा नाही. २००८-०९ साली याच आखातात लाल प्लवकांचा उद्रेक झाला तेव्हा मासे तर मेलेच, पण समुद्राचे पाणी गोडे करणारे कारखानेही बंद ठेवावे लागले. आपल्या नळाला येणारे पाणी तिथूनच येते, हे विसरू नका.

भरतीचे गणित आणि अलिबागचे आजोबा

शेवटच्या शुक्रवारी मत्रहला बंदराच्या पायऱ्यांवर, पालकांना बरोबर घेऊन, दर अर्ध्या तासाला कोरड्या पायऱ्या मोजल्या. त्या संध्याकाळी एका मुलीने अलिबागच्या आजोबांना फोनवर विचारले, "भरती कधी येते ते तुम्हाला कसे कळते?" ते म्हणाले, "तिथीची पाऊणपट करायची." चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणून भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहाच्या सुमारास. अमावास्येला बाराच्या सुमारास.

आम्ही कागद घेऊन बसलो. चंद्रामुळे भरती रोज थोडी उशिरा येते. तीस तिथींत हा उशीर पुरा २४ तासांचा होतो. २४ भागिले ३० म्हणजे ०.८ तास, म्हणजे ४८ मिनिटे. पाऊण तासाला तीनच मिनिटे जास्त! आजोबांच्या हिशेबात चंद्राचे गणित होते. आम्ही जे संगणकावर मांडले असते ते कोकणात बोटांवर करतात.

मस्कतला मात्र आजोबांची वेळ जशीच्या तशी लागू पडत नाही. किनाऱ्याचा आकार आणि तळाची खोली बदलली की भरतीची वेळ पुढेमागे होते. पण रोजचा उशीर साधारण तेवढाच. म्हणजे मस्कतच्या अमावास्येची भरतीची वेळ एकदा काढली की आपलेही सूत्र तयार होईल. ते काम तुमच्यावर सोपवतो.

सुटीत गोव्याला जाणार असाल तर दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेनंतर १९६६ साली ती स्थापन झाली. तिथले शास्त्रज्ञही पाणी भरतात, मोजतात आणि वहीत लिहितात. बाटल्या मोठ्या, यंत्रे चांगली. नियम मात्र तोच, जे दिसले ते लिहायचे.

त्या सातवीतल्या मुलाने वहीच्या शेवटच्या पानावर लिहिले आहे : "आमचे उत्तर ४०. पुस्तकाचे ३८. दोन्ही लिहिले." आम्ही त्याखाली सही केली.

शब्दओळख
क्षारता : पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण.
घनता : ठरावीक आकारमानाचे वजन.
सामुद्रधुनी : दोन समुद्रांना जोडणारी पाण्याची चिंचोळी पट्टी.
प्लवक : पाण्याबरोबर वाहत जाणारे सूक्ष्म जीव.
उधाण : अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती.
भांग : अष्टमीच्या सुमाराची लहान भरती.
मिठागर : समुद्राचे पाणी आटवून मीठ काढण्याची जागा.

स्वाध्याय
१. अर्धा लिटर समुद्राचे पाणी आटवा. मीठ वाळल्यावर लगेच आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वजन करा. फरक लिहा.
२. डब्यात एका बाजूला गरम आणि दुसऱ्या बाजूला थंड साधे पाणी घेतले तर काय होईल? आधी अंदाज लिहा, मग करून पाहा.
३. घरातली दिनदर्शिका आणि मस्कतचे भरतीचे वेळापत्रक घ्या. पंधरा दिवस तिथी आणि भरतीची वेळ समोरासमोर लिहा. मस्कतसाठी आजोबांचे सूत्र तयार करा.
४. आजी-आजोबांना फोन करून समुद्राविषयी किंवा पावसाविषयी त्यांना ठाऊक असलेला एक ठोकताळा विचारा. तो त्यांच्याच शब्दांत लिहून आणा.

वह्या पुढच्या शुक्रवारी आणाव्यात. चुकलेला प्रयोगही चालेल, खोडलेला चालणार नाही.